कार्डावर आपण न केलेला खर्च दिसला तर नेमकं काय करायचं, आणि किती दिवसांत

हल्ली आठवड्याला एक तरी बातमी असतेच. व्हॉट्सअ‍ॅपवर आरटीओच्या चलानची एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल आली, उघडली आणि कार्डावर कुणीतरी लाखभराची खरेदी करून मोकळं झालं, किंवा लग्नपत्रिकेची फाईल, किंवा गॅसचं बिल थकलंय म्हणून फोन. बातमी तिथेच संपते. त्या माणसाचं पुढे काय झालं, बँकेने काय सांगितलं, पैसे भरावे लागले की माफ झाले, हे कुणी छापत नाही, त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलंय की गेले ते गेले.

तसं नाहीये. ६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेने एक सर्क्युलर काढलं, त्यात आपण न केलेल्या व्यवहाराचा फटका कुणी किती सोसायचा हे दिवस मोजून लिहिलेलं आहे. मला ते माहीत झालं कारण आमच्या घरात वर्षभरात दोनदा असं झालं, एकदा माझ्या कार्डावर आणि एकदा आत्याच्या. माझे पैसे सगळे माफ झाले, आत्याला मोठी रक्कम भरावी लागली. दोघींमधला फरक हुशारीचा नव्हता. तो दिवसांचा होता, आणि तेच नीट सांगायचंय.

आधी हे कळू दे की पैसे कुणाचे गेले

क्रेडिट कार्ड म्हणजे वाण्याकडची उधारीची वही समजा. तुम्ही सामान आणलं, वाण्याने वहीत लिहिलं, महिनाअखेर तुम्ही चुकतं केलं. आता कुणीतरी दुकानात गेला आणि तुमचं नाव सांगून दोन पोती तांदूळ घेऊन गेला. तुमच्या खिशातून अजून रुपयाही गेलेला नाही, वहीत तुमच्या नावापुढे आकडा चढलाय इतकंच. भांडण आहे ते हा आकडा तुम्ही द्यायचा की नाही याचं.

डेबिट कार्डात किंवा यूपीआयमध्ये तुमचे स्वतःचे पैसे खात्यातून निघून गेलेले असतात आणि ते परत आणायचे असतात. क्रेडिट कार्डात बँकेने पैसे दिलेत आणि ती ते तुमच्याकडे मागतेय. म्हणून क्रेडिट कार्डात तुमची बाजू मुळातच जरा बरी असते, फक्त महिनाअखेर यायच्या आत तुम्ही "हे मी नेलं नाही" असं वाण्याला सांगायला हवं. गप्प राहून बिल भरून टाकलंत तर नंतर भांडायला सगळं उलटं पडतं.

ओटीपी आलाच नाही, मग पैसे गेले कसे?

हा प्रश्न मला स्वतःला पडला होता. शनिवारी पहाटे, महिन्यातला चौथा शनिवार होता, मी दूध तापत ठेवलं आणि सवयीने फोन बघितला तर दोन मेसेज. पहिला ३ वाजून ५२ मिनिटांचा, एक डॉलर. दुसरा ३ वाजून ५५ चा, ३८९ डॉलर, कुठल्यातरी परदेशी साइटचं नाव, जे मी आयुष्यात ऐकलेलं नाही. कार्ड माझ्या पर्समध्ये, पर्स कपाटात. ओटीपीचा मेसेज शोधला, नव्हताच.

तर झालं असं की ओटीपीची सक्ती ही आपल्याकडची आहे. ऑनलाइन व्यवहारात कार्डावरच्या माहितीशिवाय आणखी एक खात्री हवी हा नियम भारतात २००९ पासून आहे. परदेशी दुकानदाराला तो लागू नाही. त्याला कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे म्हणजे सीव्हीव्ही मिळाले की बास, आणि काही साइट तर सीव्हीव्हीसुद्धा विचारत नाहीत.

मग नंबर कसा मिळाला? कधी एखाद्या दुकानाचा किंवा साइटचा डेटा फुटतो. कधी हॉटेलात कार्ड आत नेतात तेव्हा दोन्ही बाजूंचा फोटो निघतो. आणि कधी कुठूनच फुटलेलं नसतं, नुसता अंदाज असतो. कार्डाचे पहिले सहा-आठ आकडे बँकेचे ठरलेले असतात, शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून हिशेबाने निघतो, मधले आकडे सॉफ्टवेअर पटापट लावून बघतं. मुदत पाच वर्षांची धरली तर महिने साठच, सीव्हीव्ही तीन आकडी म्हणजे हजारच शक्यता. माणसाला हे अशक्य वाटतं, पण मशीनला नाही.

म्हणून तो एक डॉलरचा मेसेज महत्त्वाचा. चोर किल्ली फिरवून बघतो ना कुलूप उघडतंय का, तसं आहे ते. एक डॉलर, दोन रुपये, दहा रुपये असा अनोळखी खर्च दिसला आणि "जाऊ दे, एवढ्याशासाठी कोण भांडत बसेल" म्हणून सोडून दिलात तर मोठा घाव मागून येतोच. माझ्या बाबतीत मध्ये फक्त तीनच मिनिटं होती पण कधीकधी मध्ये दोन-तीन दिवस असतात, तेवढ्यात कार्ड बंद करता येतं.

यात एक दिलासा पण आहे. परदेशी दुकानदाराने ओटीपी न मागता पैसे घेतले आणि ती फसवणूक निघाली, तर व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे नेटवर्कच्या नियमांप्रमाणे बहुतेक वेळा तो फटका त्या दुकानदारालाच बसतो. म्हणजे ओटीपीशिवाय गेलेले पैसे हे ऐकायला जास्त भयानक वाटतात पण सुटायला तीच केस सोपी.

पहिला तास

सगळ्यात आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्ड ब्लॉक करा. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलंय की कार्डाचा ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून देण्याचा वापर ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता आला पाहिजे, चोवीस तास. ते बटण अ‍ॅपमध्ये कुठे आहे हे आजच शोधून ठेवा, पहाटे हात थरथरत असताना सापडत नाही.

मग फोन. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावा. गुगलवर "अमुक बँक कस्टमर केअर" असं शोधू नका, तिथे खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात आणि आधीच घाबरलेला माणूस त्यांना सगळं सांगून बसतो. बँकेच्या साइटचा पत्ता आता डॉट बँक डॉट इन असा संपतो, तेवढं बघून मगच साइटवरचा नंबर घ्या.

इथे बहुतेकांची फसगत होते ती अशी. मी फोन केला, समोरच्या मुलीने कार्ड ब्लॉक करून दिलं आणि म्हणाली, "मॅम, ट्रान्झॅक्शन अजून पेंडिंग दाखवतंय, सेटल झाल्यावर दोन-तीन दिवसांनी डिस्प्यूट टाका." हे तिच्या सिस्टीमच्या दृष्टीने बरोबर असेल पण आपल्या दृष्टीने धोक्याचं आहे, कारण आपलं घड्याळ चालू झालेलं असतं. मी तिला म्हटलं की डिस्प्यूट फॉर्म, म्हणजे या खर्चावर वाद घालायचा अर्ज, नंतर भरेन, पण हा व्यवहार मी केलेला नाही ही तक्रार आत्ताच नोंदवा आणि नंबर द्या. तिसऱ्यांदा सांगितल्यावर दिला. कार्ड ब्लॉक केल्याचा नंबर वेगळा आणि फ्रॉडची तक्रार नोंदवल्याचा वेगळा असू शकतो, दुसरा हवा. ब्लॉक करणं म्हणजे दुकानाला कुलूप लावणं झालं, वहीतला आकडा त्याने खोडला जात नाही.

फोन ठेवल्या ठेवल्या बँकेच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल. त्यात कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे, व्यवहाराची तारीख-वेळ-रक्कम, मेसेजमध्ये दुकानाचं नाव जसंच्या तसं, कार्ड माझ्याच ताब्यात आहे, व्यवहार मी केलेला नाही, ओटीपी आलेला नाही आणि कुणाला दिलेला नाही, कार्ड इतक्या वाजता ब्लॉक केलं, तक्रार नंबर हा. मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा. पूर्ण कार्ड नंबर ईमेलमध्ये कधीच लिहू नका. आणि जे खरं आहे तेच लिहा, ओटीपी दिला असेल तर दिला म्हणून लिहा, कसा फसवून घेतला तेही लिहा. खोटं लिहिलंत आणि रेकॉर्डवर वेगळं निघालं की पुढचं काहीच कुणी ऐकत नाही.

तीन दिवस, सात दिवस, आणि त्यानंतर

आता त्या सर्क्युलरचा गाभा. बँकिंगच्या भाषेत याला अनऑथराइज्ड व्यवहार म्हणतात, म्हणजे ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेला. तो कुणाच्या चुकीने झाला यावर सगळं ठरतं.

चूक बँकेची असेल, म्हणजे तिची सिस्टीम फुटली, तिच्या माणसाने माहिती दिली, तर तुम्ही कळवा न कळवा, तुमच्यावर शून्य.

चूक तुमचीही नाही बँकेचीही नाही, मधेच कुठेतरी फुटलंय, माझ्यासारखं, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं की तुमच्यावर शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर थोडा भार तुमच्यावर. क्रेडिट कार्डाचं लिमिट ५ लाखांपर्यंत असेल तर एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये, लिमिट त्याहून जास्त असेल तर २५,००० रुपये, आणि व्यवहारच त्याहून लहान असेल तर तेवढीच रक्कम. सात दिवस उलटले की मग बँकेचं स्वतःचं धोरण काय म्हणतं त्यावर, ते धोरण बँकेच्या साइटवर असतं पण तिथे पोचायची वेळ येऊ देऊ नका.

दिवस कसे मोजतात? मेसेज आला तो दिवस धरत नाहीत आणि बँकेच्या सुट्ट्या धरत नाहीत. माझा मेसेज शनिवारी आला, तो दिवस गेला, रविवार सुट्टी, म्हणजे सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. पण हे मेसेज येण्यापासून मोजतात, तुम्ही वाचण्यापासून नाही. नंबर बदललाय आणि बँकेत जुनाच आहे, किंवा गावाला गेल्यावर महिनाभर ते सिम बंद ठेवलंय, तर पंचाईत. आई-वडिलांच्या कार्डाला कुणाचा नंबर जोडलाय ते एकदा बघाच.

आणि चूक तुमची असेल, म्हणजे ओटीपी किंवा पिन तुम्ही कुणाला दिला, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. हे शेवटचं वाक्य परत वाचा, कारण आत्याची सगळी गोष्ट त्यातच आहे.

आत्याचे चार दिवस

आत्या साताऱ्याला असते, शाळेतून रिटायर झालीय, हिशेबाला एकदम पक्की. तिला फोन आला की तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपतायत, लिंक पाठवतो. लिंकवरून एक अ‍ॅप उतरलं, तिने कार्डाची माहिती भरली, ओटीपी आला तो टाकला आणि ४८,५०० रुपये गेले. तिला पाच मिनिटांत कळलं की आपण फसलो.

आणि ती गप्प बसली. कुणाला सांगितलं नाही, काकांनाही नाही. "मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं आणि मला असं व्हावं" हे तिने नंतर मला सांगितलं तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ते अ‍ॅप फोनमध्ये तसंच होतं, आणि ते अ‍ॅप येणारे मेसेज पलीकडे पाठवत होतं, म्हणजे आता ओटीपी तिने सांगायचीही गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी दोन व्यवहार झाले, दोन्ही मिळून ४० हजारांच्या आसपास. पाचव्या दिवशी तिने मला फोन केला.

तिने पहिल्या दिवशी संध्याकाळी नुसतं कळवलं असतं तर ते दुसऱ्या दिवसाचे ४० हजार नियमाप्रमाणे बँकेच्या माथी गेले असते, मुळात कार्ड ब्लॉक झाल्याने गेलेच नसते. पहिल्या ४८,५०० चं काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण हे दुसरे पैसे निव्वळ लाजेपायी गेले. म्हणून मी ज्याला त्याला सांगते की फसलात तर पहिला फोन बँकेला आणि दुसरा घरातल्या कुणाला तरी करा, आणि घरातल्यांनी पहिलं वाक्य "अगं पण तू दिलाच कशाला" हे म्हणू नका, निदान कार्ड ब्लॉक होईपर्यंत तरी. आम्ही घरात एरवी जे टोमणे मारतो ना, त्यानेच माणसं लपवायला शिकतात.

असं अ‍ॅप उतरवलं असेल तर फोन आधी फ्लाइट मोडवर टाका आणि बँकेला दुसऱ्याच फोनवरून फोन करा.

बँक म्हणते ओटीपी टाकलाय म्हणजे तुम्हीच केलंय, मग संपलं का?

नाही. त्याच सर्क्युलरमध्ये स्पष्ट आहे की ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. "आमच्या रेकॉर्डनुसार व्यवहार ओटीपीने झाला आहे" असं एक ओळीचं उत्तर येतं आणि लोक खचून जातात. त्यावर विचारायचं की तो ओटीपी कुठल्या नंबरवर गेला, किती वाजता, व्यवहार कुठल्या डिव्हाइसवरून झाला, माझी नेहमीची पद्धत सोडून मध्यरात्री पाच व्यवहार लागोपाठ झाले तर तुमच्या सिस्टीमने थांबवलं का नाही. हे सगळं लेखी मागा.

कोर्टांनीही हे धरून निकाल दिलेत. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाख ९० हजार रुपये परत करायला सांगितले. ते कार्डाचं प्रकरण नव्हतं, खात्यातून पैसे गेले होते, पण आधार याच २०१७ च्या सर्क्युलरचा होता. आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेची याचिका फेटाळली, तिथे रक्कम ९४ हजारांच्या आसपास होती, फसवणाऱ्याने कस्टमर केअर म्हणून फोन करून अ‍ॅप उतरवून घेतलं होतं, आणि तरीही ग्राहकाच्या बाजूने निकाल गेला. ग्राहकाने २४ तासांच्या आत बँकेला कळवलं होतं हे तिथे मोलाचं ठरलं. परत तेच, दिवस.

म्हणजे ओटीपी दिला तरी पैसे मिळतातच असं मी म्हणत नाहीये. बहुतेक वेळा नाही मिळत. पण तक्रार न करताच हरायचं काही कारण नाही.

पेन्सिलने खोडलेला आकडा

तुम्ही कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती वजा करून दाखवायची असते. याला शॅडो रिव्हर्सल म्हणतात. वाणी कसा पेन्सिलने खोडतो आणि म्हणतो की बघतो चौकशी करून, तसंच. पेनाने नंतर खोडेल किंवा परत लिहील. म्हणून स्टेटमेंटमध्ये टेम्पररी क्रेडिट दिसलं की सुटलो म्हणून ते पैसे खर्चाला मोकळे धरू नका, निकाल विरुद्ध गेला तर तो आकडा परत चढतो.

तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा असतो, आणि मधल्या काळात क्रेडिट कार्डावर व्याजाचा भुर्दंड ग्राहकावर पडता कामा नये असंही लिहिलेलं आहे. पडद्यामागे तेव्हा काय चालू असतं तर तुमची बँक नेटवर्कमार्फत दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत मागते, यालाच चार्जबॅक म्हणतात. दुकानदाराला पुरावा द्यायची संधी मिळते, त्याने दिला नाही किंवा पटला नाही की पैसे परत. चार्जबॅकला नेटवर्कची स्वतःची मुदत असते, फसवणुकीच्या व्यवहाराला साधारण १२० दिवस, म्हणून बँकेने डिस्प्यूट फॉर्म मागितला की आजच्या आज भरून द्या, त्याच्यावाचून केस अडते. माझं प्रकरण दोन महिन्यांच्या आत मिटलं.

मग या महिन्याचं बिल भरायचं की नाही?

यात सगळ्यात जास्त लोक अडकतात. समजा बिल ५२,००० चं आहे, त्यात तुमचा खरा खर्च १९,०००. बँकेने टेम्पररी क्रेडिट दिलं असेल तर प्रश्नच नाही, उरलेलं भरा. बिल आधी आलं आणि क्रेडिट अजून नाही, तर १९,००० मुदतीच्या आत पूर्ण भरा आणि ईमेलने कळवा की बाकी रक्कम वादातली आहे, तक्रार नंबर अमुक, त्यावर व्याज आणि लेट फी लावू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डांच्या नियमांत आहे की ग्राहकाने फ्रॉड म्हणून वादात टाकलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत शुल्क लावायचं नाही. तरी सिस्टीम कधीकधी लावतेच, मग दुसरी ईमेल करून ते काढून घ्यायचं, कंटाळा येतो पण करायचं.

रागाच्या भरात "मी काहीच भरणार नाही" असं करू नका. स्वतःचा खर्च थकवलात की बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चालू होतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि तिथे तुमची बाजू खरंच कमकुवत होते.

अजून एक, ऑटोपे. तुमच्या सेव्हिंग खात्यातून दर महिन्याला पूर्ण बिल आपोआप कापलं जात असेल तर फ्रॉडची रक्कमही बिनबोभाट कापली जाईल आणि मग बँकेचे नाही, तुमचे पैसे अडकले. ब्लॉक केल्या दिवशीच ऑटोपे बंद करा. माझ्या हे पाचव्या दिवशी रात्री झोपताना लक्षात आलं आणि उठून केलं.

सिबिलचं, म्हणजे कर्ज वेळेवर फेडतो की नाही त्या रेकॉर्डचं काय? त्याच नियमांत आहे की वाद चालू असलेल्या रकमेची थकबाकी म्हणून माहिती पुढे द्यायच्या आधी वाद मिटवायचा. म्हणून लेखी तक्रार हवी. फोनवर नुसतं भांडलात तर बँकेच्या दृष्टीने वाद नाहीच, फक्त थकलेलं बिल आहे.

पोलिसांत जायलाच हवं का?

१९३० हा नंबर लक्षात ठेवा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि हीच तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवरही करता येते. याचा उपयोग एवढाच की पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात, तिथल्या बँकांना कळवून वाटेतच थोपवता येतात. पण पैसे एटीएममधून निघाले की काही थोपवता येत नाही, म्हणून तासांत करायचं काम आहे ते. आत्याने पाच दिवसांनी केलं तेव्हा थोपवायला काही उरलं नव्हतं.

परदेशी साइटवरच्या खर्चात १९३० ने पैसे अडतीलच असं नाही, पण तिथला तक्रार क्रमांक बँकेला दिला की तुमची तक्रार गंभीर आहे हे कागदावर येतं. मोठी रक्कम असेल तर जवळच्या सायबर पोलिस ठाण्यात जाऊन या.

बँकेने नाहीच ऐकलं तर

बँकेला तक्रार करून ३० दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा आलं ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ऑर्ग डॉट इन या साइटवर तक्रार टाकायची, फुकट आहे, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असायला हवी, नाहीतर तिथे तक्रार दाखलच करून घेत नाहीत. तिथे तुमची ती पहिल्या तासातली ईमेल, तक्रार नंबर आणि स्क्रीनशॉट कामाला येतात. मुद्दे मोजके लिहा, बँकेला किती वाजता कळवलं, दहा दिवसांत तात्पुरतं क्रेडिट दिलं का, पुरावा मागितला तेव्हा काय मिळालं. "मला फार मनस्ताप झाला" हे खरं असतं, पण तारखांनी जास्त काम होतं.

प्रत्येक अनोळखी नाव फ्रॉड असतं का?

नसतं, आणि फोन करण्याआधी दोन मिनिटं हे बघून घ्या. दुकानाचं नाव पाटीवर एक आणि कार्ड मशीनवर मालक कंपनीचं भलतंच असतं. मुलाने गेममध्ये काही घेतलं असेल. फुकट ट्रायल म्हणून घेतलेलं एखादं अ‍ॅप आता महिन्याला पैसे कापत असेल, १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा ठरलेल्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही, २४ तास आधी मेसेज मात्र येतो. माल आला नाही, फाटका आला, रिफंड दिला नाही, हे पण वाद आहेत आणि त्यांनाही चार्जबॅक आहे, पण तो फ्रॉड नाही, तक्रारीचा प्रकार वेगळा निवडायचा. चुकीचा निवडला की केस परत येते आणि दिवस वाया जातात.

माझी न्यू जर्सीची भाची म्हणते, "आमच्याकडे तर ओटीपी नसतोच, मग तुमच्याकडे एवढं असून कसं होतं?" तिच्याकडे १९७० च्या दशकापासून कायदाच आहे की क्रेडिट कार्डाच्या गैरवापराचा ग्राहकावर भार जास्तीत जास्त ५० डॉलर. म्हणजे तिथे सुरुवातीपासून चोरी पकडायची जबाबदारी बँकेने आणि दुकानदाराने उचललीय आणि ग्राहकाला सुटसुटीत ठेवलंय. आपल्याकडे दारावर ओटीपीचं कुलूप लावलं, ते चांगलंच केलं, पण मग चोर कुलूप सोडून घरच्या माणसालाच बोलण्यात गुंतवायला लागला. मला वाटतं आपल्याकडे बँकांनी अजून बरंच करायला हवंय. सत्तर वर्षांच्या बाईच्या कार्डावर कधीच ऑनलाइन खरेदी झालेली नाही आणि अचानक ४८,५०० जातात, तेव्हा एक तास थांबवून फोन करून विचारणं एवढं अवघड नाहीये.

नवीन कार्ड आल्यावर

पाकीट फोडलं की आधी अ‍ॅपमध्ये जा. परदेशी वापर बंद, ऑनलाइनला तुमच्या गरजेपुरतं लिमिट, टॅप करून द्यायचं नसेल तर तेही बंद, कारण ५,००० रुपयांपर्यंत त्याला पिन लागत नाही. परदेशी साइटवरून काही घ्यायचं असेल तेव्हा दहा मिनिटांपुरतं चालू करायचं आणि परत बंद, दिवा लावल्यासारखं. आत्याच्या कार्डावर तर आम्ही ऑनलाइन बंदच केलंय आणि मेसेज तिच्या नंबरवर आणि ईमेल माझ्याकडे असं करून ठेवलंय, तिने स्वतःच सांगितलं तसं कर म्हणून.

आणि जुन्या कार्डावर काय काय लावून ठेवलं होतं ते आठवून बघा, वीजबिल, मोबाइल, विमा, ते सगळं नव्या कार्डावर परत जोडावं लागतं. माझा विम्याचा हप्ता त्या महिन्यात गेलाच नाही आणि मला कळलं ते ग्रेस पिरियड संपायला चार दिवस उरले तेव्हा.